तिघांचं गाव

"न्हाई बा. माज्या हाताला यश न्हाई," असं म्हणून कृष्णातमामांनी दोन्ही हात धोतराच्या घोळात लपवले. कॉम्प्युटरच्या माउसला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

पण सून क्रांती त्यांच्यापेक्षा हट्टी. नवरा फौजेत, आसामकडं. इकडं सांगलीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं चार कॉम्प्युटर मांडून क्लास काढलेला. दुपारी क्लास रिकामा असायचा, आणि गेले आठ दिवस सासरे एक पोस्टकार्ड मांडीवर घेऊन नुसते बसून होते. जेवणावरची वासनाच उडालेली. बघवत नव्हतं तिला.

कार्ड मामांच्या थोरल्या बहिणीचं, हरणाबाईचं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मजकूर एवढाच: 'गावात सात घरं राहिली. चैत्री पुनवेला बसून ठरवायचं, राहायचं का उठायचं. गाव तू वसवलंस, तूच येऊन सांग.'

आता हे 'वसवलंस' काय ते सांगायला पाहिजे. मामांचं मूळ गाव साताऱ्याच्या डोंगरातलं, धारवेळी. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं. बदल्यात सरकारनं सांगलीच्या पूर्वेला दोन जागा दाखवल्या, आणि बेचाळीस घरांनी पसंतीचा मान मामांना दिला, कारण त्यांच्या शब्दाला वजन. मामांनी मूठभर माती उचलली. काळीभोर! तोंडाला पाणी सुटावं अशी. "हीच," म्हणाले. दिवस श्रावणाचे, विहीर काठोकाठ भरलेली. त्याच विहिरीचा तळ फाल्गुनात भेगाळला. मग एकेक घर उठलं, कोण मुंबईला, कोण इचलकरंजीला मागावर. चौथ्या वर्षी मामाही लेकाकडं सांगलीला आले, ते आलेच. दर यात्रेला नारळ पाठवायचे, स्वतः जायचे नाहीत. कुठल्या तोंडानं जाणार?

"आवं मामा, खेळच हाय," क्रांती म्हणाली. "परक्या ग्रहावर बारा माणसं उतरत्यात, त्यांचं गाव वसवायचं. लय अवघड हाय. माझ्या क्लासातल्या एकालाबी पहिलं वर्ष पार करता आलं न्हाई. नवख्याचं कामच न्हवं ते."

"मग मला कशाला बसवतीस?"

"तेवढंच डोकं दुसरीकडं लागंल म्हणून."

गाव वसवायचं म्हटल्यावर मामांनी हात आणखीच आत ओढले. पण सुनेनं हात धरून माउसवर ठेवलाच. पडदा उजळला. तांबडं, उघडंबोडकं माळरान, वर दोन चंद्र, आणि खाली बोटाच्या पेराएवढी बारा माणसं. एक चालत चालत शिध्याच्या पेटीपाशी गेलं, बसलं, खाऊ लागलं.

"ह्याला जेव म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. भूक लागली त्याला."

मामा चष्मा पुसून पुढं सरकले. एक बाई दमून खाली बसली होती. एकजण दुसऱ्याशेजारी जाऊन उभा राहिला. क्रांती म्हणाली, त्याला एकटं वाटतंय. आयला! कुणी ढकलत नाही, कुणी हाकत नाही, आणि ज्याच्या त्याच्या जिवाला ज्याची त्याची ओढ! मामांचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

"नावं काय देऊ ह्यांची?" क्रांतीनं विचारलं. मामांच्या तोंडून भाबडेपणानं निघून गेलं, "हरणा. ज्योतिबा. सुला..." धारवेळीची बारा नावं त्यांनी एका दमात सांगितली.

मग जागा निवडायची आली. पडद्यावर एका अंगाला काळ्या मातीचा पट्टा होता. मामांचा हात आपसूक तिकडं गेला. जित्याची खोड! घरं उभी राहिली, पीक तरारून आलं, मामा लहान पोरागत हसले. तिसऱ्या दुपारी सोबत आणलेलं पाणी संपत आलं. बर्फाचा डोंगर होता, पण पार दुसऱ्या टोकाला. माणसं चालत निघाली आणि वाटेतच आडवी झाली. एक गेलं, दोन गेली, पाच, नऊ.

"असू दे मामा. सगळ्यांचं असंच होतं," क्रांती म्हणाली. "सरा, नवा डाव लावते."

"आणि ही तिघं?"

"ती पुसली जातील की."

मामांनी तिचं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेला असा हात लावायचा नसतो, पण भान होतं कुणाला? "पोरी, जित्ती माणसं हाईत ती! हरणा हाय, ज्योतिबा हाय, सुला हाय. नवा डाव म्हंजी काय? मेल्यांचं खापर माज्या डोस्क्यावर हाय, ते हाय. पर जित्त्यांना मी टाकायचा न्हाई. एकदा टाकलंय."

शेवटचे दोन शब्द त्यांच्याही कानांना नवे होते. क्रांतीनं माउसवरचा हात काढला. क्लासातली सगळी हुशार मंडळी दोन माणसं दगावली की लगेच नवा डाव लावायची, हे तिला माहीत होतं. तिघांवर आल्यावर पुढं काय होतं, हे मात्र तिनंही कधी पाहिलं नव्हतं.

मामांनी तिघांना एका घरात आणलं. मोकळी घरं क्रांतीकडून मोडून घेतली आणि त्यांच्या पत्र्यांच्या नळ्या करून घेतल्या. शेत अर्धं सोडून दिलं, उरलंसुरलं पाणी तिघांपुरतं राखलं. बर्फाकडं नळी निघाली, दिवसाला चार हात. "ज्योतिबा दमला बग, बसू दे त्याला," मामा म्हणायचे. "सुलाला एकटी सोडू नगंस." पाच दुपारी असं चाललं. चहा गार व्हायचा, मामांना पत्ता नसायचा.

सहाव्या दुपारी नळी डोंगराला भिडली. पाणी धावत आलं. काळ्या पट्ट्याच्या कडेनं एक हिरवी रेघ उमटली, आणि ती हळूहळू तांबड्या माळावर पसरत गेली. तांबडा माळ असा हिरवा होतो, हेच क्रांतीला ठाऊक नव्हतं. घराचं दार उघडलं आणि तिघांच्या मागून एक इवलंसं चौथं बाहेर आलं.

"अगं बया!" क्रांती उठून उभी राहिली. "मामा, पोर झालंय! वर्ष पार झालं!"

मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. घरात देव आल्यागत ते त्या पोराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पुनव कवा हाय गं?"

"परवा."

पुनवेला एसटीतून उतरून ते माळ तुडवत नव्या धारवेळीला पोचले. लिंबाखाली सात घरांची माणसं बसली होती. कुणी शिवी देईल म्हणून मामा अंग चोरूनच उभे राहिले. हरणाबाईनं तांब्या पुढं केला. "पाणी पी आधी. मग सांग, राहायचं का उठायचं."

मामा पाणी प्याले. मचूळ होतं, पण होतं.

"मी न्हाई सांगणार," ते म्हणाले. "मागं सांगितलं, त्यात तुमचं वाटूळं झालं. माती बघितली, पाणी बघितलं न्हाई. चूक माजी हाय. आता तुमचं तुमी ठरवा. ज्याला उठायचं त्यानं उठावं, माज्या मनात काय न्हाई. मी मातूर ऱ्हाणार हाय. वरचं तळं लांब हाय, पर तिथनं चर खणाय लागतो उद्यापासनं. दिवसाला चार हात झालं तरी झालं."

मामांची नजर घरांवरून फिरली. "सातच ऱ्हायली व्हय, आक्का?"

हरणाबाईनं पदराची गाठ सोडली. आत एक किल्ली होती, मामांच्या घराची. वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

"आठ," ती म्हणाली. "तुजं मी दर सणाला सारवतीया."