खिडकीमागची सकाळ

बाळंतपणानंतर कामावर परतले, त्याचा तो पहिला दिवस. दादा, म्हणजे आमच्या दिव्यांच्या खात्याचे प्रमुख, आल्या आल्याच म्हणाले, "आज बघू, मन लागतंय का कामात. नाहीतर उगाच ओढाताण नको, बाई." बोलले मायेनेच, पण मी काय समजायचं ते समजले. मला हे काम सोडायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

सेटवर झोपायची खोली उभी केली होती. खिडकीबाहेर स्टँडवर आमचा जुना दिवा, चांगला पिंपाएवढा. तो लावला की बंद स्टुडिओत कोवळं ऊन पडतं, अगदी कॅमेराही फसतो. त्याची खोड एकच. तापलेला असताना बंद केला, तर गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. पंधरा मिनिटं हातापाया पडा, ढिम्म! म्हणून दोन शॉटच्या मध्येसुद्धा त्याला कुणी हात लावत नाही. त्याच्या विजेच्या पेटीपाशी मला बसवलं होतं.

शॉट साधा. पाळण्यातलं बाळ सकाळच्या उन्हात जागं होतं आणि हसतं. बाळाला मात्र हे मंजूर नव्हतं. तासभर त्याने स्टुडिओ डोक्यावर घेतला. खुळखुळे झाले, टाळ्या झाल्या. कॅमेरामनने मांजराचा आवाज काढला, तर ते दुप्पट रडलं.

"तुमचं तोंड बघून रडतंय," दादा म्हणाले.

"घरीही हेच ऐकतो," तो म्हणाला.

पाचला बाळाला सोडायचं, हा नियम. साडेचारला ते एकदाचं आईच्या खांद्यावर पेंगलं. तिने अलगद पाळण्यात ठेवलं. दिग्दर्शिकाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आता ते जागं व्हायची वाट बघायची, बस.

सगळे श्वास रोखून उभे. बाळाची मूठ सैल झाली. ओठ चोखल्यासारखे हलले आणि थांबले. घरी हे दिसलं की माझा हात जे करतो, तेच त्याने इथे केलं. खट्!

सकाळ विझली.

"कुणी केलं?" दादांचा दबका आवाज.

"मी."

"का?"

"बाळ झोपलं, दादा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा हसले नाहीत. घड्याळाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, झालं, संपलं आपलं.

बाळाची आई माझ्याशेजारी येऊन टेकली. "वाईट नका वाटून घेऊ. किती गाढ झोपलंय बघा. तुमचं केवढं?"

"सात महिन्यांची. सासूबाईंकडे आहे. तीनदा फोन केला. त्या म्हणाल्या, ती मजेत आहे, तुझा आवाज ऐकला की भोकाड पसरते, आता करू नकोस."

दोघीही तोंड दाबून हसलो. आणि हसता हसता मला सुचलं. उठले, दिग्दर्शिकाबाईंजवळ गेले.

"बाई, कॅमेरा आधी सुरू करा, मग मी दिवा लावते. हा एकदम भरत नाही. आधी फिकट, निळसर असतो, मग दोनेक मिनिटांत खरं ऊन होतं. माझी लेक पडदा असा हळूहळू सरकवला की न कुरकुरता उठते."

त्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी माझ्याकडे.

"लाव," ते म्हणाले.

पावणेपाचला मी बटण दाबलं. पेटी गुणगुणली. खिडकीत पहाटेसारखं काहीतरी उजळलं, भिंतीवर चढलं, पाळण्यावर उतरलं, पिवळसर होत गेलं. बाळाने एक डोळा उघडला. मग दुसरा. हात वर केला, उन्हात स्वतःचीच बोटं बघितली आणि खुदकन हसलं. पुन्हा बोटं, पुन्हा हसू. कॅमेरामनचे खांदे हलत होते. दिग्दर्शिकाबाई "कट" म्हणायचंच विसरल्या.

बाळ आईच्या कडेवर बसून निघालं, तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. मी केबल गुंडाळत होते. दादा शेजारी येऊन थांबले.

"उद्या सातला."

"साडेसहाला येते, दादा."

"सातला म्हटलं ना! लेकीला पोटभर पाजून ये."