रंगारणीच्या पोरीचे हात

सकाळपासून गरम वारं सुटलं होतं. शेतातली तांबडी माती उडून घराघरांत शिरत होती आणि शेजारी रंगारणीच्या अंगणात सासूसुनेचं वाजलं होतं. आमच्या दोन घरांमधे काट्यांचं कुंपण आहे. तेही शेळ्यांनी अर्धं खाल्लेलं, त्यामुळे मला मुद्दाम कान लावायची गरज पडत नाही.

म्हातारी ताटावर बसली होती आणि नात तिला घास घेऊ देत नव्हती.

"आजी, आधी हात."

"अगं, आत्ताच पदराला पुसलेत."

"पुसलेले हात धुतलेले नसतात. आमच्या बाई सांगतात."

"तुझ्या बाईंना म्हणावं, ओढ्यावरून एक हंडा भरून आणा, मग सांगा. इथे प्यायला पुरेना आणि ही निघाली हातांना आंघोळ घालायला." म्हातारीने मोर्चा सुनेकडे वळवला. "तूच चढवून ठेवलंयस हिला. नाकापेक्षा मोती जड झालाय."

रंगारीण रंगाच्या कुंडातलं कापड काठीने ढवळत होती. मागे न बघता म्हणाली, "आत्याबाई, धुवा की. तांब्याभर पाण्याने ओढा आटत नाही."

म्हातारी कमरेवर हात ठेवत उठली. पोर लगेच तांब्या घेऊन पुढे. बोटांच्या बेचक्यात चोळ, अंगठा धर, नखं तळहातावर घास, असं सगळं आजीकडून करून घेतलं आणि वर गाणंही म्हणायला लावलं.

बोटं भेटली बोटांना,
अंगठ्यालाही घ्या ना,
नखांमधे लपलाय चोर,
त्याला बाहेर काढा ना.

"या वयात चोर पकडायला लावते मला," म्हातारी पुटपुटली, पण गाणं पूर्ण म्हणाली.

या पोरीला सगळं गाव मुंगी म्हणतं, कारण ती एका जागी ठरत नाही. दुसरीत शिकायची. बाप तयार कापड घेऊन बाजार फिरायचा, घरात या तिघी. त्यांचा धंदा काळ्या रंगाचा. झाडाची साल उकळायची, गंजलेलं लोखंड आंबवत ठेवायचं, दोन्ही एकत्र केलं की असा काळा उतरतो की कापड विरलं तरी रंग विटत नाही. कापडाचं जे, तेच हातांचं. रंगारणीचे हात मनगटापर्यंत काळे, नखं तर कोळशासारखी. मुंगी शाळेतून आली की कापडं वाळत घालायला लागायची, त्यामुळे तिचीही बोटं तशीच. धुऊन निघणारा तो मळ नव्हेच. नख वाढून कापलं जाईल तेव्हाच जाणार, आणि तोवर खालून नवं काळं झालेलं असणार.

शाळेच्या बाई आमच्या गावात नव्या आल्या तेव्हा गावात पोटाची साथ होती. ती आमच्याकडे उन्हाळ्यात येतेच. ओढा आटतो, डबकी राहतात, त्यातच जनावरं, त्यातच माणसं. मुंगीच्या पाठचा भाऊ त्या साथीत गेला. नुकता चालायला लागला होता. लोकं आली, आयुष्यच तेवढं होतं म्हणाली आणि आपापल्या शेतावर गेली. बाई मात्र नंतरही येत राहिल्या. कुंडाच्या कट्ट्यावर बसायच्या, काही बोलायच्या नाहीत. एके दिवशी त्यांनी हळूच सांगितलं, की ही साथ बरेचदा हातांतून तोंडात जाते.

मी तिथेच होते. रंगारीण किती तरी वेळ स्वतःच्या काळ्या हातांकडे बघत राहिली. मग विचारलं, "म्हणजे माझ्या हातांनी गेला का तो?"

बाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "तसं कोणालाच सांगता यायचं नाही, ताई. पाणी वाईट होतं. पण पुढचं थांबवता येतं. मला एकटीला नाही जमायचं. तुम्ही मदत कराल?"

तेव्हापासून रंगारीण बदलली. मी कुंभारीण, माझ्याकडून तिने तळाला भोक पाडलेलं मडकं करून घेतलं. त्यात लाकडी खुंटी ठोकली आणि मडकं शाळेच्या दारात टांगलं. खुंटी ओढली की धार, सोडली की बंद. नुसत्या बाईंचं गावाने ऐकलं नसतं. आमच्या बायका म्हणायच्या, पोर ना बाळ आणि ही आम्हाला शिकवणार. पण रंगारीण तण काढायच्या वेळी, भांगलणीच्या शेतात जायची. बायका चिखलाच्या हातांनी बांधावर जेवायला बसल्या की तांब्या पुढे करायची. एकदा एकजण म्हणाली, "आधी स्वतःचे हात बघ, मग आम्हाला सांग."

"बघितलेत," ती म्हणाली. "एक लेकरू जाईपर्यंत बघितले नव्हते."

टोमणा मारणारी उठली आणि तिने हात धुतले. पुढच्या उन्हाळ्यात साथ आली, पण गावातलं एकही मूल गेलं नाही.

बाई तिच्या घरी आपल्या घरासारख्या वावरायच्या. चुलीपाशी बसून जेवायच्या, म्हातारीच्या शिव्या खायच्या. ते गाणंही बाईंनी आणि मुंगीने मिळून जुळवलेलं. "नखांमधे लपलाय चोर" ही ओळ मुंगीची. शाळेत लहान पोरं हात धुताना मुंगी पुढे उभी राहायची आणि कोणी अंगठा विसरलं की सोडायची नाही.

मग कळलं, वरच्या कचेरीचे लोक शाळा बघायला येणार. स्वच्छ शाळा म्हणून निवड झाली तर पाण्याची मोठी टाकी मिळणार, नळ मिळणार, मुलींसाठी संडास मिळणार. बाई धावत रंगारणीकडे आल्या. "ताई, पाहुण्यांना हात धुऊन दाखवायला आपली मुंगीच. दुसरं कोण?"

घरात नुसती धांदल. रंगारणीने पोरीला कुंडाजवळ फिरकू दिलं नाही. सगळी कापडं स्वतः वाळत घातली. लिंबाच्या साली चोळल्या, राख चोळली, पोरीची बोटं लाल झाली. काळेपणा थोडा उतरला, पण नखांतला आणि बोटांच्या पेरांवरचा काही हलला नाही. बाई मधे एकदा येऊन हात बघून गेल्या. "छान," म्हणाल्या. त्या दिवशी मात्र जेवायला थांबल्या नाहीत. आम्हाला वाटलं, कामात असतील.

तपासणीच्या दिवशी सगळं गाव शाळेच्या अंगणात लोटलं. पोरं धुतलेल्या कपड्यांत, ओळीने. मी आणि रंगारीण अंगणाच्या कडेला, शाळेच्या खिडकीपाशी उभ्या होतो. पाहुणे आले, गावचे कारभारी त्यांच्या पुढेमागे. मग बाईंनी हाक मारली आणि मडक्यापाशी आली ती कारभाऱ्याची नात. गोरेगोरे हात, कापलेली नखं. खुंटी ओढली आणि गाणं सुरू केलं. बेचक्या विसरली, अंगठा विसरला, पण आवाज गोड होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मुंगी कुठेय?" मी विचारलं.

रंगारीण ओळीतल्या तोंडांत तिलाच शोधत होती. मुंगी ओळीत नव्हतीच. शाळेच्या कडेला केरसुण्या आणि मोडकी बाकं ठेवायची एक खोली आहे. पाहुण्यांमधल्या एका साहेबांनी सगळ्या खोल्या बघायच्या म्हणून तिचंही दार उघडलं. आत एका बाकावर मुंगी बसलेली. पाय हलवत नव्हती, काही नाही. मी त्या पोरीला इतकं गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ही इथे का?" साहेबांनी विचारलं. मग त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. "अरे बापरे. हे काय हात?"

आम्ही उभ्या होतो तिथून त्या खोलीचं दार दोन हातांवर होतं. बाईंचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"रंगाऱ्याची मुलगी आहे, साहेब. शाळेत आम्ही रोज सांगतो, पण घरून साथ मिळायला हवी ना. आई अडाणी आहे, किती समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्याच घरातलं एक मूल या अस्वच्छतेपायी गेलं, तरी शिकत नाहीत. बाकी सगळं गाव सुधारलं."

साहेब चुकचुकले. "असतात असे लोक," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीकडे वळले.

मी रंगारणीचा दंड धरला. वाटलं, ही आता आत घुसेल, चार लोकांत बाईंची अब्रू काढेल. काढली असती तर मी तिच्या बाजूने उभी राहिले असते. पण ती सरळ त्या खोलीत शिरली. मुंगीला उठवलं, तिचं बोट धरलं आणि सगळ्या गावासमोरून, पाहुण्यांच्या बाजूने, अंगण ओलांडून घरी निघाली. बाईंनी तिला पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, पण हाक काही मारली नाही.

संध्याकाळी उन्हं कलताना बाई आल्या. म्हातारी दारातच बसली होती. तिने पाय आडवा टाकला. "केसाने गळा कापून झाला, आता काय रक्त पुसायला आलात?"

"आत्याबाई, येऊ द्या त्यांना," रंगारीण म्हणाली. पण कट्ट्यावर बसा म्हणाली नाही. बाई उभ्याच राहिल्या.

"ताई, मी मुद्दाम नाही केलं," त्या म्हणाल्या. "ते लोक घटकाभर बघतात आणि जातात. हात काळे दिसले की अस्वच्छ असंच लिहिणार. ऐकून घ्यायला त्यांना वेळ कुठे असतो? टाकी गेली असती. सगळ्या पोरांचं नुकसान झालं असतं. कारभारीही मागे लागले होते नातीसाठी. आणि साहेबांनी एकदम दार उघडलं, तेव्हा मला सुचलंच नाही. तोंडाला आलं ते बोलून गेले."

"मला सांगायचं होतंत," रंगारीण म्हणाली. "उद्या मुंगीला घरी ठेवा, एवढं म्हणाला असतात तर मी ठेवली असती. वाईट वाटलं असतं, पण ठेवली असती. टाकी मलाही हवीय."

"चुकलं माझं."

"ते मी सोडून देईन हो. पोरीला केरसुण्यांत बसवलंत, ते पण एखादवेळ विसरेन. पण बाई, माझ्या गेलेल्या लेकराची गोष्ट मी फक्त तुमच्यापाशी उघडी केली होती. याच जागेवर. माझ्याच हातांनी गेला का, असं तुम्हालाच विचारलं होतं. तेव्हा काय म्हणाला होतात? आणि आज साहेबांना काय सांगितलंत?"

पदर तोंडाला लावून बाई रडायला लागल्या. रंगारणीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिने काठी उचलली आणि कुंड ढवळायला घेतलं. बाई निघून गेल्या.

शाळेची निवड झाली. टाकी आली, नळ आले. गावातल्या बायकांना मात्र ती गोष्ट पचली नाही. ज्या रंगारणीला पूर्वी नावं ठेवायच्या, त्याच आता तिच्या बाजूने तावातावाने बोलायला लागल्या. गरज सरो वैद्य मरो, असं हिचं केलं म्हणाल्या. एकजण तर म्हणाली, "आपण सगळ्या मिळून वर तक्रार करू. बाईंची बदली करून टाकू. आणि त्यांनी सांगितलेलं हात धुण्याचं थोतांडही बंद."

रंगारीण बांधावर बसली होती. हातात तोच तांब्या. "बाईंची बदली कराल तर करा," ती म्हणाली, "मला त्यात ओढू नका. पण हात धुणं बंद केलंत तर याद राखा. ते त्यांच्या मालकीचं नाही." आणि पाणी पुढे केलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि हात पुढे केले.

बाहेर ती असं बोलली खरी, पण घरात पोर तिच्या हाताबाहेर गेली. मुंगी शाळेत जायची, कारण आई पाठवायची. पण हात धुवायची नाही. आजी बिचारी ताटावर बसण्याआधी आपणहून तांब्याकडे जायची, गाण्याची पहिली ओळ म्हणून नातीकडे बघायची. नात मान फिरवायची. मातीने भरलेल्या हातांनी जेवायची. आईने समजावलं, दटावलं, एकदा पाठीत धपाटाही घातला. शेवटी एक दिवस पोर फणकारली.

"कशाला धुवू? धुतले तरी घाणच दिसतात. बाईंनीच सांगितलं साहेबांना. मग ते बेचक्या, अंगठा, सगळं खोटंच ना?"

मी कुंपणापलीकडे मडकी थापत होते. हात थांबला माझा. रंगारणीला काय उत्तर सुचतं ते मलाही ऐकायचं होतं.

तिने काठी कुंडाला टेकवून ठेवली. पोरीच्या समोर उकिडवी बसली.

"बाई माझ्याबद्दल खोटं बोलल्या. तुझ्याबद्दल पण. का बोलल्या, ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित कळणारही नाही," ती म्हणाली. "पण त्यांनी शिकवलेलं खरं होतं. खरं शिकवणारं माणूस खोटं बोलू शकतं, मुंगे. मला पण हे आत्ताच कळलंय, तर तुला कुठून ठाऊक असणार."

मुंगी खाली मान घालून जमिनीवर रेघा ओढत राहिली.

रंगारणीने तांब्या ओढून घेतला आणि आधी स्वतःचे हात धुतले. सावकाश, बेचक्या, अंगठे, नखं. मग तांब्या पोरीजवळ ठेवला आणि ताट वाढायला आत गेली.

मग पाण्याचा आवाज आला. गाणं नव्हतं, नुसतं पाणी.

आई ताट घेऊन बाहेर आली तेव्हा पोरीने दोन्ही हात पुढे केले. ओले, आणि होते तसेच काळे. "बघ," म्हणाली. आवाजात अजून राग होता.

रंगारणीने ताट खाली ठेवलं. एकेक बोट धरून पाहिलं, हात उलटे करून नखं पाहिली. पाठीमागून म्हातारी पण मान उंच करून बघत होती.

"स्वच्छ आहेत," रंगारीण म्हणाली. "जेव आता."