पाच चांदण्यांची होविता

नायेलीचं अ‍ॅप सुरू झालं त्याच दिवशी तिच्या आईची नोकरी गेली, आणि ती घालवली नायेलीनेच.

हेतू चांगला होता. तो कधी वाईट असतो म्हणा! मेक्सिको शहराच्या कडेला, चिमालवाकानमधल्या तिच्या गल्लीतल्या निम्म्या बायका लोमास या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यांत स्वयंपाकाला, इस्त्रीला, म्हाताऱ्यांचं करायला जात. काम मिळायचं ते एका सेन्योराने, म्हणजे मालकिणीने, दुसरीला फोन केला तरच. "बाई कशी आहे गं? हाताची स्वच्छ आहे ना?" एवढ्यावर सगळं. मालकिणीशी बिनसलं की बाई रस्त्यावर. नायेलीने ठरवलं, हा फोन आपण अ‍ॅपमध्ये आणू. बाईने आपलं काम लिहायचं, साक्षीला मालकिणीचा नंबर द्यायचा. अ‍ॅप मालकिणीला विचारणार, ती एक ते पाच चांदण्या देणार, आणि त्या चांदण्या बाईच्या नावावर कायमच्या राहणार.

पहिलं नाव अर्थातच आईचं. होविता सेन्योरा रेबेकांकडे स्वयंपाकाला होती, नायेली तान्ही होती तेव्हापासून. राहायची तिथेच, गच्चीवरच्या खोलीत. रविवारी तेवढी आपल्या घरी यायची. नायेलीचं बालपणही त्याच खोलीत गेलं. बंगल्यातल्या मुलांचे आखूड झालेले कपडे तिने घातले आणि त्यांच्याच अडगळीतल्या संगणकावर बोटं आपटत ती शिकली.

"मला कशाला त्यात घालतेस? मला काम आहे की," होविता रविवारी म्हणाली.

"अगं, तुझं नाव दिसलं की गल्लीतल्या बाकीच्या येतील. शोभेला असू दे."

"मग साक्षीला नंबर कुणाचा? मला एकच सेन्योरा ठाऊक."

"तोच दे ना."

होविताने दिला. तिच्यावर भरवसा ठेवून बाकीच्या बायकांनीही दिले, ज्या घरात काम चालू होतं त्याच घरांचे.

सोमवारी नायेलीने बटण दाबलं आणि मालकिणींना निरोप गेले: 'होविता काम शोधत आहे. तुम्ही तिची शिफारस कराल का?'

काम शोधत आहे! सगळ्या अ‍ॅपांत असतं तसलं ते वाक्य, नायेलीने विचार न करता उचललं होतं. त्या बंगल्यांत काम शोधणारी बाई म्हणजे गेलेली बाई. तिला मग किल्ली देत नाहीत, पोर सांभाळायला देत नाहीत. गच्चीवर वाढलेल्या मुलीला हे कुणी शिकवायला हवं होतं का? पण शहाणपण अंगात भिनलं की माणूस घरातलंच विसरतं.

दुपारी आई पिशव्या घेऊन दारात उभी राहिली तेव्हा नायेलीला सगळं कळलं. सेन्योरा फोन घेऊनच स्वयंपाकघरात आल्या होत्या.

"होविता, कंटाळलीस का गं आम्हाला?"

"छे हो, सेन्योरा! ते पोरीचं खूळ आहे."

"पोरीचं? मी वह्या-पुस्तकं दिली त्या पोरीचं?" सेन्योरांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "मला सांगायचंस तरी. मी काय आडवी आले असते?"

मग तिच्यासमोरच त्यांनी पाचही चांदण्या दाबल्या. लिहिलं: 'प्रामाणिक. हाताला चव. आमच्या घरचीच.' आणि सामान आवरायला सांगितलं.

नायेलीने फोन केला. "सेन्योरा, चूक माझी आहे हो. आईला काही माहीत नव्हतं."

"चूक कसली, बाळा? मी चांगलंच लिहिलंय तिच्याबद्दल," त्या मायेने म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवडा संपेपर्यंत गल्लीतल्या बऱ्याच बायका घरी बसल्या. भांडायला कुणी आलं नाही. फक्त शेजारची ओफेलिया नळावर म्हणाली, "फार जलद चालतं हं तुझं अ‍ॅप!" नायेली मान खाली घालून बादली भरत राहिली.

आणि मग अ‍ॅपवर पहिली मागणी आली. सेन्योरा रेबेकांची. स्वयंपाकाला बाई हवी, राहून, वय चाळिशीच्या आत. वयाची ती चौकट नायेलीनेच घातली होती, मालकिणींना हवी असते म्हणून. पाच चांदण्यांची होविता यादीत कुठेच दिसली नाही. काम मिळालं ओफेलियाला.

ओफेलिया आली ती उंबऱ्यातच थांबली. "मी नाही म्हणून कळवू का, होविता? तू सांगशील तसं."

"वेडी की काय? पोरांना काय घालशील?" होविताने तिला हाताला धरून आत बसवलं. "ऐक. सेन्योरांच्या कॉफीत दालचिनी लागते. धाकट्याला मिरची सोसत नाही, तो मागेल, तू देऊ नकोस. वरच्या खोलीची खिडकी लागत नाही, चिंधी कोंब, नाहीतर गारठशील. आणि तिथे डब्यात माझा पुदिना आहे. त्याला पाणी घालत जा."

ओफेलिया डोळे पुसत गेली. नायेलीच्या फोनच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पहिली नेमणूक' झळकत होतं. तिने फोन पालथा ठेवला. आता काय बोलायचं आईशी? माफी मागावी तर आई उलट तिचीच समजूत काढणार, आणि ते तिला सोसवलं नसतं.

होविताने एप्रनच्या खिशातून आपला फोन काढला, लांब धरून पाहिला आणि तिच्यापुढे केला.

"कामासाठी कुणाचा फोन नाही अजून. हा वाजत का नाही, बघ गं. आवाज बंद नाही ना झाला?"

नायेलीने फोन हातात घेतला. आवाज पूर्ण होता.

"सुरू आहे, आई," ती म्हणाली.

"मग ठीक," म्हणत होविताने तो परत एप्रनच्या खिशात टाकला.