दाराकडे उतार

उतारवयात माणसाला घराचा आधार लागतो आणि घराला माणसाचा. हे वाक्य नानांच्या लेकीचं. त्याचा दुसरा अर्धा भाग नानांनी अनावश्यक म्हणून खोडला.

नानांनी छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाले तरी हात शिवशिवत. औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा लाल पेनाने आटोपशीर केल्याशिवाय त्यांना गोळी लागू पडत नसे.

मागच्या महिन्यात दाराबाहेरच्या तीन पायऱ्या ते एका दमात उतरले. पाय एकदाच लागला, तोही शेवटी. लेकीने फर्मान काढलं.

"महिनाअखेरीला फिजिओथेरपीच्या बाई घर बघून जातील. त्या पास म्हणाल्या तर राहा इथे. नाहीतर नाना, मुकाट्याने माझ्याकडे यायचं."

"तुझ्याकडे?"

"का? माझं घर काय चावतं?"

चावत नव्हतं. पण तिथे सगळे दिवसातून वीस वेळा "नाना, तुम्ही बसा" म्हणत, आणि त्या वाक्यातला एकही शब्द खोडता येत नसे. इथे खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं, आणि बसायचं की उठायचं हे ते स्वतः ठरवत. इथेच राहता यावं म्हणून नाना सगळ्या दुरुस्त्यांना तयार झाले.

लेकीने मिस्त्रीसाठी कामांची यादी केली आणि नानांच्या हाती ठेवली. इथेच तिचं चुकलं. यादीत लिहिलं होतं : 'दाराबाहेरच्या तीन पायऱ्यांवर, चाकाची खुर्ची जाईल असा, सिमेंटचा, दाराकडे चढणारा उतार करावा.'

नानांनी चष्मा चढवला. सिमेंटचा नाहीतर काय लोण्याचा करणार? गेलं. चाकाची खुर्ची? उतारावरून ती जाणारच. गेली. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर? उतार काय कोणी घरात करतं? गेलं. चढणारा उतार? हे तर भाषेवरचे अत्याचार! उरलं : 'दाराकडे उतार करावा.' वर 'उंबरा काढावा', खाली 'दाराशी दांडा बसवावा'. नानांनी सुवाच्य अक्षरात प्रत काढून मिस्त्रीला दिली आणि धुळीचा त्रास नको म्हणून शेजारच्या पोस्टमास्तरांकडे तपासणीपर्यंत मुक्काम हलवला.

मिस्त्रीच्या धंद्यात उतार म्हणजे एकच गोष्ट. पाणी कुठे जाणार? त्याने कागद दोनदा वाचला. दाराकडे. म्हणजे हॉलचं पाणी दाराकडे. म्हातारं माणूस आहे, सांडलवंड होत असेल. त्याने हॉलची सगळी फरशी उचकटली.

लेकीचा फोन आला. "मिस्त्री, उतार झाला का?"

"झाला ताई. असा झालाय, थेंब थांबणार नाही."

"थेंब?"

"एकसुद्धा!"

लेकीला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

तपासणीच्या सकाळी सगळे दारात जमले. बाईंनी चाकाची खुर्ची आणली होती. तिन्ही पायऱ्या जागच्या जागी होत्या.

"उतार कुठाय?" लेकीने विचारलं.

"आत आहे," मिस्त्री म्हणाला.

"आत?"

"या ना, बघा तरी!" मिस्त्रीने खुर्ची उचलून आत नेली. नाना, बाई आणि लेक मागोमाग गेले. मिस्त्रीने तांब्याभर पाणी भिंतीशी ओतलं. ते कुठेही न रेंगाळता हॉल ओलांडून दाराबाहेर गेलं. "बघितलं?"

"मिस्त्री, अहो उतार पायऱ्यांवर हवा होता!"

"कागदावर पायऱ्या नव्हत्या ताई. हा बघा."

लेकीने कागद वाचला. अक्षर ओळखलं. "नाना!"

पण नाना तोवर बाईंच्या सांगण्यावरून खुर्चीत बसले होते. "आता सावकाश चाकं फिरवा," बाई म्हणाल्या. नानांनी काहीच फिरवलं नाही. खुर्ची आपणहून निघाली.

"वा, जमतंय की!" बाई म्हणाल्या.

"मी काही करत नाहीये!" नाना म्हणाले.

दार आलं. उंबरा यादीबरहुकूम काढलेला होता. शेवटच्या क्षणी नानांनी दाराशी बसवलेला दांडा दोन्ही हातांनी धरला. खुर्ची त्यांच्याखालून निघून गेली, तीन पायऱ्या उतरली आणि फाटकाशी जाऊन आडवी झाली. नाना दांड्याला लटकून राहिले.

"दांडा पक्का आहे," ते म्हणाले.

बाईंनी तशी नोंद केली.

लेकीने आधी नानांना उतरवून घेतलं, मग मिस्त्रीकडे मोर्चा वळवला. "एवढी फरशी उचकटताना एकदा विचारता नाही आलं?"

"त्याला बोलू नकोस," नाना म्हणाले. "लिहिलं होतं तेच त्याने केलं." मग तिच्या हातून कागद घेऊन म्हणाले, "'दाराबाहेर' ठेवायला हवं होतं."

छत्तीस वर्षांत खोडलेला शब्द त्यांनी प्रथमच परत घेतला. बाईंनी घर नापास केलं. फरशी सपाट करून पायऱ्यांवर उतार बांधायला मिस्त्रीने दीड महिना सांगितला आहे. नवी यादी लेकीने परस्पर त्याच्याकडे पाठवली.

नाना सध्या लेकीकडे राहतात. तिच्या बाथरूमला दोन पायऱ्या आहेत. दांडा नाही.