माझी नळी कापली तेव्हा

मित्रांनो, मी शिकारीची रायफल म्हणून जन्माला आले आणि आता पोलिसांच्या मुद्देमाल खोलीत म्हातारी होत आहे. माझ्या एका बाजूला गंजलेली सायकल आहे, दुसऱ्या बाजूला कुठूनतरी जप्त केलेले तांब्याचे हंडे. माझ्या गळ्यात सुतळीने बांधलेला पुठ्ठा आहे. मला पाहून तुम्ही म्हणाल, ही रायफल एवढी आखूड कशी? तेच तुम्हाला सांगायचे आहे.

एका सरकारी कारखान्यात मला घडवले. लांब पोलादी नळी, तिच्या टोकाला नेम धरण्यासाठी बारीकसा उंचवटा, मागे गुळगुळीत लाकडाचा दस्ता आणि अंगावर कोरलेला माझा नंबर. धायरीच्या संभाजीरावांनी मला विकत घेतले. तेव्हा धायरी हे पुण्याबाहेरचे खेडे होते. डोंगरातून रानडुकरे उतरत आणि भुईमूग उकरून ठेवत. संभाजीरावांना शिकारीची हौसही होती, आणि त्या काळी परवाना काढून शिकार करता येत असे. रविवारी ते मला तेल लावत आणि गुणगुणत. ते माझे चांगले दिवस होते.

विहिरीचे काम चालू असताना दरड कोसळली आणि संभाजीराव गेले.

त्यांच्या पत्नी मथुराबाई रडल्या नाहीत. शेजारणी म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर हे दुःख आत राहील. पण त्या भाकरी थापत राहिल्या, जनावरांना पाणी दाखवत राहिल्या. माणूस गेल्यावर त्याचा परवानाही संपतो, म्हणून मला पोलीस ठाण्यात जमा केले. मथुराबाईंनी स्वतःच्या नावाने अर्ज केला. कचेरीतल्या साहेबांनी विचारले, "बाई, रायफल चालवता येते का तुम्हाला?"

"शिकंन," त्या म्हणाल्या. पुष्कळ हेलपाट्यांनंतर परवाना त्यांच्या नावावर झाला.

पण मी त्यांना लांब पडत होते. म्हणून त्या मला शनिवार पेठेत मैनुद्दीनभाईंच्या दुकानी घेऊन गेल्या. बंदुका दुरुस्त करण्याचा त्यांचा परवाना भिंतीवर काचेत लावलेला होता. त्यांनी मथुराबाईंना मला खांद्याला लावायला सांगितले.

"ताई, दस्ता लांब होतोय. लाकूड दोन बोटं कमी करतो आणि मागे रबर बसवतो."

सोबत मथुराबाईंचा दीर संपत आला होता. तो म्हणाला, "मग नळी पन कापा की थोडी. हलकी व्हईल."

मैनुद्दीनभाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "नळी आखूड करायची तर सरकारचा निराळा परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही. तुरुंग बघायची एवढी हौस असेल, तर खुशाल एकटे जा."

त्यांनी फक्त लाकूड कापले, तासले आणि दस्त्याच्या खालच्या अंगाला आपल्या दुकानाची खूण डागली. पुढे कित्येक वर्षे मी मथुराबाईंच्या खांद्यावर होते. बहुतेक वेळा त्या हवेतच बार काढत आणि डुकरे पळून जात. त्यांचा गाल माझ्या लाकडाला टेकायचा. उन्हाळ्यातही तो गार लागायचा.

मग एकोणीसशे बहात्तर साली रानातल्या प्राण्यांसाठी नवा कायदा झाला आणि हौसेची शिकार बंद झाली. संपतच्या मित्रांना मात्र मटण हवे होते, आणि त्यांच्याकडे जीप होती. आईच्या आजारपणासाठी मथुराबाई मांजरी गावी माहेरी गेल्या. जाताना कपाटाची किल्ली त्यांनी सासूबाईंकडे, तुळजाबाईंकडे ठेवली. किल्ली परक्याकडे थोडीच दिली, असेच त्यांना वाटले असणार. संपतने ती आईकडून मागून घेतली.

त्याने मला एका लेथवाल्याकडे नेले. करवत चालू झाली. मला दुखले का, असे तुम्ही विचाराल. पोलादाला दुखत नाही. माझे टोक खाली पडले, त्याच्याबरोबर नेमाचा उंचवटाही गेला. कुणीतरी तो तुकडा पायाने भंगारात सारला.

मथुराबाई परत आल्या, त्यांनी सासूबाईंकडून किल्ली घेऊन कपाट उघडले आणि मला बाहेर काढले.

"भावजी, हे काय?"

"जीपच्या शिटाखाली मावंना, म्हनून कापली. कुनाला कळतंय, वहिनी?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता त्या ओरडतील, निदान किल्ली तरी स्वतःजवळ ठेवतील. त्यांनी मला परत आत ठेवले, किल्ली पुन्हा सासूबाईंच्या हाती दिली आणि त्या गोठ्याकडे गेल्या.

संपतने मला पुन्हा नेले. नेमाची खूणच उरली नव्हती, त्यामुळे माझी गोळी भलतीकडे जाई. एकदा ती एका भेकराच्या पायात बसली. ते तीन पायांवर लंगडत झाडीत शिरले. जीपमधली माणसे हसली. पुढे एका सकाळी सिंहगड रस्त्यावर पोलिसांनी ती जीप अडवली आणि मी सीटखाली सापडले.

"नळी कुणी कापली?" फौजदारांनी विचारले.

"रायफल वहिनीची हाय," संपत म्हणाला. "शनिवार पेठेतल्या दुकानदारानं कापून दिली."

दस्त्यावर मैनुद्दीनभाईंची खूण होतीच. दुकानाला सील लागले. ज्या माणसाने नळीला हात लावायला साफ नकार दिला होता, तोच आरोपी झाला.

खटल्याच्या दिवशी हवालदार मला कापडात गुंडाळून कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते. शेजारच्या बाकावर मथुराबाई आणि तुळजाबाई होत्या. म्हातारीने सुनेचा हात धरला.

"मथुरा, दुकानदारानं कापली म्हन. येवढंच. माजा एक ल्योक मातीत गेला. दुसऱ्याला तू आत नको घालू."

समोर खांबाला टेकून मैनुद्दीनभाईंची बायको जुबेदा उभी होती. तिने ते ऐकले असावे. तिने तोंड फिरवले. तेवढ्यात शिपायाने मथुराबाईंच्या नावाचा पुकारा केला.

मला टेबलावर ठेवले होते. मथुराबाई माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज सपाट होता, पिठाचा हिशेब सांगावा तसा.

"दुकानात फकस्त लाकूड कापलं. नळी भावजींनी कापून आनली. माझ्यासमोर तसं म्हनले. किल्ली मीच घरात ठिवली हुती. कळलं तवाच मी ठान्यात यायला पायजे हुतं. आले न्हाई."

"का नाही आलात?" न्यायाधीशसाहेबांनी विचारले.

मथुराबाईंनी पदर खांद्यावर ओढला. "मालक गेल्यापास्नं मला कशाचंच काही वाटत न्हवतं, साहेब."

तेव्हा मला उमगले, की इतकी वर्षे माझ्या लाकडाला टेकणारा तो गार गाल काय सांगत होता.

मैनुद्दीनभाई सुटले. संपतला आणि लेथवाल्याला शिक्षा झाली. मथुराबाईंचा परवाना रद्द झाला आणि मला नष्ट करण्याचा हुकूम निघाला. व्हरांड्यात मैनुद्दीनभाई मथुराबाईंसमोर आले. त्यांनी हात जोडले. जुबेदाने पुढे होऊन मथुराबाईंच्या हातात पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. सकाळपासून त्यांना कुणी पाणीही विचारले नव्हते.

तुळजाबाई अजून बाकावरच होत्या.

"आत्या, चला," मथुराबाई सासूबाईंना म्हणाल्या.

म्हातारीने वर पाहिले नाही. तिने पायाने चपला चाचपल्या. "बस कुठनं मिळंल?" तिने जमिनीकडे पाहत विचारले.

"स्वारगेटवरनं."

हवालदार मला घेऊन त्यांच्या मागेच निघाले होते, म्हणून मी पुढचे पाहिले. रस्ता ओलांडताना मथुराबाईंनी मागे हात केला. तुळजाबाईंनी तो धरला नाही. त्यांनी सुनेच्या पदराचे टोक मुठीत घट्ट धरले. पलीकडच्या कडेला पोहोचल्यावर मथुराबाईंचे खांदे हलू लागले. भर रस्त्यात, माणसांच्या गर्दीत, त्या हुंदके देऊन रडत होत्या. म्हातारीने पदर सोडला नाही.

मित्रांनो, लवकरच मला भट्टीत टाकतील. त्याआधी एवढे ऐका. ज्या वस्तूने जीव जाऊ शकतो, तिची किल्ली स्वतःजवळ ठेवा. तिच्यात काही बदल करायचा असेल, तर कायदा काय म्हणतो ते आधी विचारा. नाही म्हणणाऱ्या कारागिराचे ऐका. आणि तुमच्या घरात कुणी फार दिवस गप्प असेल, तर त्याला कामाला लावून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा, काय होतंय ते विचारा. मला कुणी काही विचारले नाही, ते चालून गेले. मी लोखंड आहे.