एल्सी तळ्याची वाट

होडीच्या जुवावर, खांद्यांसाठी लावलेल्या दोन्ही गाद्यांच्या बाहेरच्या अंगाला, वार्निशात एकेक फिकट वर्तुळ होतं. कोटाच्या बटणाएवढं. त्याच्या मधोमध स्क्रूचं जुनं भोक, लाकडाचा भुसा भरून नीट बुजवलेलं. गाद्या काढून दोन-दोन बोटं आत सरकवल्या होत्या, आणि तेही अलीकडेच, कारण नव्या स्क्रूंची डोकी अजून चकचकीत होती.

हिल्का मान वर करून बघत राहिली. होडी शेडच्या तुळयांना पट्ट्यांनी उपडी टांगलेली होती, हिवाळाभर असते तशी. जू म्हणजे होडीच्या पोटातली आडवी लाकडी दांडी. दोन तळ्यांच्या मध्ये जमीन आली की होडी उपडी करून डोक्यावर घ्यायची, जू खांद्यांवर टेकवायचं आणि रानवाटेने पुढच्या पाण्यापर्यंत चालत जायचं. अशा वाटेला इथे सगळे पोर्टेज म्हणतात. ही होडी घेतल्यापासून तिचं जू एकाच माणसाच्या खांद्यांवर बसलं होतं, हिल्काच्या थोरल्या भावाच्या, ओन्नीच्या. आणि साठी ओलांडली म्हणून माणसाचे खांदे दोन बोटं अरुंद होत नाहीत.

ती नकाशांची नळी घेऊन, बुटांचा बर्फ झटकत स्वयंपाकघरात आली.

"नळी आणायला गेलीस की बनवायला?" ओन्नी म्हणाला.

"होडी बघत होते."

"होडी काय, आहे तशीच आहे," तो पटकन म्हणाला आणि नकाशा टेबलावर पसरायला लागला. त्याच्या बायकोने, लोर्नाने, सुकवायला पसरलेल्या मूस हरणाच्या खिम्याचे ट्रे मुकाट्याने बाजूला घेतले.

दुपारच्या आत रानातल्या पार्कच्या कचेरीला फोन करायचा होता. कुठल्या बाजूने आत शिरणार ते सांगितल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि मे महिन्याच्या अखेरच्या जागा भराभर जातात. हिल्काला ती जागा एल्सी तळ्याच्या बाजूची हवी होती. गेली कित्येक वर्षं हवी होती.

एल्सी हे नकाशावरचं नखाएवढं निळं टिपूस. त्यात ओढा येत नाही, त्यातून ओढा जात नाही. तरीही त्यात ट्राउट आहेत, असं एका विमानवाल्याने तिला सांगितलं होतं. हिल्का तळ्यांच्या पाण्याची तपासणी करायची. ते ऐकल्यापासून तिला चैन नव्हतं. मासे तिथे पोचले कसे? हिमयुग सरताना या भागावर पसरलेलं अफाट पाणी हळूहळू ओसरलं, तेव्हाच ते त्या खड्ड्यात अडकले असतील का? तसं असेल तर इतक्या काळात त्यांचा रंग बदलला असेल? परांची ठेवण? एक मासा ओल्या हातात धरून बघायचा आणि सोडून द्यायचा, एवढंच तिला हवं होतं. बर्फ वितळल्यावर थोडे दिवस ट्राउट वर असतात, मग खोल जातात. शिवाय तिथलं पोर्टेज लांब, खडकाळ आणि चढाचं. म्हणून दरवर्षी ते पुढच्या वर्षावर जायचं.

"यंदा मोठ्या पाण्यावरच राहू," ओन्नी म्हणाला. "वॉलाय मासे भरपूर. उचलाउचली नाही, कटकट नाही."

"आणि वारा?"

"वारा सुटला तर बसू एखाद्या बेटावर पत्ते खेळत."

"पत्ते इथेही खेळता येतात," लोर्ना म्हणाली. "त्याला परवाना लागत नाही."

"एल्सीची वाट जळलीय म्हणे." ओन्नीने दुसरं कारण काढलं.

"ती आग उत्तरेला होती," हिल्का म्हणाली.

"मग काळ्या माश्या चावतील."

"त्या मोठ्या पाण्यावर नसतात?"

"शिकलीस तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं म्हणजे कोर्टात उभं राहायचं," ओन्नी म्हणाला, आणि कॉफीचा डबा काढायला उठला. डबा वरच्या फळीवर होता. त्याने डावा हात वर केला. डब्याच्या कडेला बोटं लागेनात, म्हणून टाचा उचलल्या. उजवा हात खिशातच राहिला.

ओन्नी उजखोरा होता.

हिल्काने लोर्नाकडे पाहिलं. लोर्ना खिमा सारखा करत होती, जो आधीच सारखा होता.

खांदा गेलाय, एवढं कळलं. पण त्याने गाद्यांचं कोडं सुटत नव्हतं. गाद्या आत घेतल्या की भार मानेजवळ येतो. दुखरा खांदा त्याने हलका होत नाही, उलट ओन्नीसारख्या रुंद माणसाला ते जू चावेल.

विचारण्याची सोय नव्हती. त्यांच्या घरात, आणि तसं पाहिलं तर सगळ्या अटिकोकन गावातच, कुणाच्या खांद्यावरची होडी मागत नाहीत. 'आण, मी घेतो' म्हणणं म्हणजे तुझं संपलं म्हणणं. ज्याची होडी, त्यानेच ती द्यायची. एरिककाका तीन उन्हाळे पाय ओढत होडीखाली चालले होते, आणि मागून येणारे सगळे झाडांवरचे पक्षी बघत होते.

"माझ्या स्वेटरचं काय झालं गं?" विषय बदलायला हिल्काने विचारलं. "नाताळात खांद्यांचं माप घेतलंस, त्यानंतर पत्ता नाही."

"लोकर संपली," लोर्ना म्हणाली. ओन्नीने कॉफी सांडली.

हिल्का क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली. "एका वल्ह्याला तडा होता ना? बघून येते."

शेडमध्ये तिने वल्ह्यांकडे पाहिलंही नाही. दुधाचा रिकामा क्रेट होडीखाली ओढला, त्यावर चढली आणि गुडघे हळूहळू सरळ केले. होडीच्या आत अंधार होता, जुन्या पाण्याचा वास होता. दोन्ही गाद्या खांद्यांवर येऊन टेकल्या. इकडे तिकडे सरकावं लागलं नाही. ती आणखी थोडी उंच झाली तशा पट्ट्या सैल पडल्या आणि सगळं वजन तिच्यावर आलं. जड होतं. पण मान मोकळी होती, आणि श्वास घेता येत होता.

मग गुडघे वाकवून तिने होडी परत पट्ट्यांवर सोडली.

परत आली तेव्हा ओन्नीने आधी तिच्या हातांकडे पाहिलं. हातात वल्हं नव्हतं. मग त्याची नजर तिच्या खांद्यांवर गेली. निळ्या स्वेटरवर हिवाळाभरच्या धुळीचे दोन चौकोनी ठसे उमटले होते.

"बसतं का?" लोर्नाने विचारलं.

"बसतं," हिल्का म्हणाली.

ओन्नीने नकाशा स्वतःकडे फिरवला, पेन्सिलीने रेघ ओढली. रेघ दरवर्षी जिथे थांबायची तिथे क्षणभर थांबली. मग चढावरून पलीकडे, त्या निळ्या टिपसापर्यंत गेली. त्याने डाव्या हाताने फोन उचलला.

"हो, परवान्यासाठीच," तो म्हणाला. "एल्सीच्या बाजूने. मेचा शेवटचा आठवडा. दोन माणसं, एक होडी."

पलीकडची बाई काहीतरी लिहून घेत असावी. ओन्नी वाट बघत राहिला. लोर्नाचे हात ट्रेवर थांबले होते. मग त्या बाईने विचारलंही नव्हतं ते त्याने तिला सांगितलं.

"होडी माझी बहीण उचलणार आहे."