शनिवारचा रांजण

लाल फितीची गाठ बसत नव्हती. रांजणाच्या एका कानातून फीत ओवायची, दुसऱ्या कानातून काढायची, पोटावर फूल बांधायचं — एके काळी दरवर्षीचंच काम. पण आज बोटं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी वागत होती, आणि दियामान्तिना त्या बोटांकडे जरा लांबूनच बघत होती. मातीचा लालसर खरखरीतपणा. काठाजवळ कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा राहून गेलेला. तिनं आपला अंगठा त्यात बसवून पाहिला. ठसा मोठा होता, पुरुषाचा. नवऱ्याचा, लिनार्दोसचा बसला असता... छे, त्याचा कसा बसेल, त्याचे हात लहान, न्हाव्याचे. कात्री धरून धरून बोटं तेवढी लांबट झालेली, आणि हात इतका हलका की दाढीला बसलेली गिऱ्हाइकं खुर्चीतच डुलक्या घ्यायची.

गाठ शेवटी बसली. मग ती घागरीनं पाणी आणून रांजणात ओतत राहिली. रिकामा रांजण नुसताच फुटतो. भरलेला फुटतो तेव्हा आवाज दगडात उतरतो. ईस्टरच्या आदल्या शनिवारी, अकराच्या घंटा झाल्या की ग्रीसच्या कोर्फू बेटावरच्या या जुन्या गल्ल्यांतल्या प्रत्येक बाल्कनीतून असे रांजण खाली यायचे, आणि ते बघायला जगभरचे पाहुणे दोरीमागे दाटीवाटीनं उभे राहायचे, नंतर खापरीचा तुकडा शकुनाचा म्हणून घरी घेऊन जायचे. तिच्या लहानपणी बघणारे आपलेच असत. आता खालून दहा भाषा ऐकू येतात.

गेली दोन वर्षं तिनं या दिवशी बाल्कनीचं दार उघडलं नव्हतं. यंदा उघडलं म्हणून एवान्थियाला बरं वाटलं होतं. आईचं मन वळलं, असं ती शेजारी सांगूनही आली. मुलीला काय माहीत मन कुठं वळलं ते... उपासाच्या दिवसांतली संध्याकाळ, दोघी स्वयंपाकघरात आर्टिचोक सोलत बसलेल्या, आणि एवान्थिया मान वर न करता म्हणाली होती, की अर्सेनिसकाका गाव दाखवत ज्यांना फिरवतात त्या पाहुण्यांचा घोळका यंदा आपल्या बाल्कनीखाली आणणार आहेत, त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. हातातलं आर्टिचोक दियामान्तिनानं पार गाभ्यापर्यंत सोलून टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कुंभाराकडे जाऊन सगळ्यांत मोठा रांजण मागितला होता. यावर कुंभार हसला होता. एवढ्याचा धक्का सोसेल का तुमची बाल्कनी, असं त्यानं विचारलं होतं.

बाल्कनी. या गावात तो शब्द कुणी उच्चारला की तिला अजून लोखंड तुटताना ऐकू येतं — आधी बारीक करकर आणि मग काहीच नाही.

अर्सेनिसच्या बाल्कनीचं लोखंड गंजलं होतं. त्याला ते माहीत होतं. मी ऐकलंय, या कानांनी ऐकलंय. तीन वर्षांपूर्वी, त्या शुक्रवारी, इथंच या टेबलाशी बसून व्हिनेगर घातलेली मसूर खाताना तो लिनार्दोसला म्हणाला होता, "कठडा हलतोय रे माझा. पण एवढा सण जाऊ दे, पाहुण्यांना जागा कबूल करून बसलोय, मग बघतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच लिनार्दोसला रांजण उचलायला बोलावलं. दोघे शाळेपासूनचे मित्र. बँडमध्ये शेजारी शेजारी उभं राहून हॉर्न वाजवणारे. तिच्या आणि लिनार्दोसच्या लग्नात त्यांच्या डोक्यांवरचे मुकुट अर्सेनिसनंच धरलेले, एवान्थियाला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर काढलेली तीही त्याच्याच हातांनी. अशा माणसानं बोलावल्यावर लिनार्दोस जाणारच. कॉफी पिऊन गेला. बिनदुधाची, उपास होता म्हणून. रात्री प्रसाद घ्यायचा होता. दारात उभा राहून त्यानं विचारलं होतं की परत येताना काय आणू... आणि ती म्हणाली होती, काही नको, लवकर ये.

त्यानं रांजण कठड्यावर टेकवला आणि कठडा गेला. रांजण गेला. तोही.

इथपर्यंत तो अपघात होता, आणि अपघाताला माणूस कधीतरी शरण जातो. ती बहुधा गेलीही असती. पण चौकशीला पोलीस आले तेव्हा अर्सेनिसनं सांगितलं, की लिनार्दोस सकाळपासून प्यायलेला होता, कठड्यावर चढला, मी आवरत होतो. झालं. एवढंच. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही, तिला तर नाहीच, कारण तरुणपणी लिनार्दोस प्यायचा हे गावाला ठाऊक होतं, आणि मुलीच्या जन्मानंतर त्यानं थेंबाला हात लावला नाही हे ठाऊक असायचं गावाला काही कारण नव्हतं. पाद्री हळहळले. बँडच्या लोकांनी शोकयात्रेत वाजवलं, पण वाजवतानाही त्यांच्या चेहऱ्यांवर ते होतं — बिचारा, शेवटी बाटलीनंच नेलं. दफनानंतर महिनाभरानं एवान्थिया एकदा खिडकीशी उभी राहून म्हणाली, "बाबा आधी प्यायचेच ना, आई." पुढं काही नाही. तेवढंच वाक्य. त्या वाक्यासाठी दियामान्तिनानं मुलीला माफ केलं होतं, पण ज्यानं ते वाक्य तिच्या मुलीच्या तोंडात घातलं त्याला... नाही. तीन वर्षं तिनं प्रसाद घेतला नव्हता. मनात असं काही घेऊन पाद्री प्रसाद भरवतात त्या चमच्यापुढं तोंड उघडवत नाही.

खालून बँडचा आवाज आला. संताची मिरवणूक परतत होती. गल्लीच्या तोंडाशी बँडवाल्यांची पितळी शिरस्त्राणं उन्हात चमकली आणि गेली. हॉर्नच्या रांगेत आता सगळे नवे चेहरे. ती डोळे मिटून ऐकत राहिली. लिनार्दोस घरात सराव करायचा तेव्हा ती ओरडायची, भिंती पडतील म्हणून. मग तो न्हाणीघरात जाऊन वाजवायचा. तिथं आवाज आणखीच घुमायचा, आणि त्याला तेच हवं असायचं, लबाड...

दोरी बांधून झाली होती. पोलिसांनी लोकांना दोन्ही भिंतींकडे सारलं, मधला फरसबंदीचा पट्टा मोकळा ठेवला. समोरच्या बाल्कन्यांवर लाल कापडं सोडलेली. वरच्या मजल्यावरचे शेजारी आपला रांजण सरकवत होते. छतातून घरघर ऐकू येत होती. आणि मग तिला पिवळा झेंडा दिसला. हातभर काठीला बांधलेला, पाहुणे हरवू नयेत म्हणून, आणि झेंड्याखाली अर्सेनिस.

म्हातारा झाला होता. हे तिच्या हिशेबात नव्हतं. तीन वर्षं ती ज्याला मनातल्या मनात या बाल्कनीखाली उभं करत आली होती त्या माणसाचे खांदे रुंद होते, मान जाड होती. हा खाली उभा होता तो कुणाचा तरी आजोबा. पण डोकं तेच. मधोमध टक्कल पडलेलं, लिनार्दोस ज्याचे केस कापताना म्हणायचा, की तुझ्याकडून पैसे घ्यायची लाज वाटते रे, कापायला आहेच काय. त्या टकलावर ऊन पडलं होतं. तिनं डोळ्यांनी अंतर मोजलं. आज कोण विचारणार? सगळ्याच बाल्कन्यांतून रांजण पडणार. एक थोडा पलीकडे पडला. बाईचे हात, जड वस्तू, निसटली. अपघात, साहेब. मी आवरत होते. त्याच्याच तोंडचे शब्द त्याच्यावर ओतायचे, पाण्यासकट... या विचारानं तिला इतकं शांत वाटलं, की तिचा तिलाच अचंबा वाटला. पावाची कणीक मळताना वाटतं तसं.

एवान्थिया मागून आली. "उचलायचा का?"

दोघींनी वाकून रांजण उचलला. कठड्यावर टेकवला. पाणी आत डचमळलं आणि थोडं मनगटावर सांडलं. मुलीनं खाली पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे. बराच वेळ. आणि तिचा हात रांजणाच्या कानावर घट्ट झाला.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "काल रात्री शुक्रवारच्या मिरवणुकीत काका माझ्या शेजारून चालत होते. मेणबत्ती विझली होती त्यांची, माझ्या मेणबत्तीवर लावून घेतली. आणि म्हणाले, तुझा बाप त्या दिवशी प्यायला नव्हता. मी खोटं बोललो."

दियामान्तिनानं मान वळवली नाही.

"तुला सकाळीच सांगणार होते. धीर झाला नाही." मुलगी रडत नव्हती, पण आवाज फाटला होता. "मीपण मानलं होतं ना ते. बाबांबद्दल."

म्हणजे खरं बाहेर आलं होतं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते काल रात्री, अंधारात, मेणबत्त्यांच्या गर्दीत, एका पोरीच्या कानात येऊन गेलं होतं — आणि दियामान्तिनाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिच्या आत जे उसळलं ते आधीच्यापेक्षा तापलेलं होतं. खोटं बोललास ते दिवसाढवळ्या, पोलिसांसमोर, पाद्र्यांसमोर, अख्ख्या गावासमोर. आणि खरं कुजबुजतोस? तेही मला नाही, माझ्या लेकीला? स्वतःचं ओझं हलकं केलंस, तिच्या खांद्यावर टाकलंस आणि आज सणाला आलास?

खाली अर्सेनिसनं झेंडा एका पाहुण्या बाईच्या हातात दिला. दोरी उचलली. वाकून दोरीखालून पलीकडे आला, मोकळ्या पट्ट्यात, आणि बरोबर बाल्कनीखाली येऊन उभा राहिला. वर पाहिलं. कुणीतरी त्याला हाका मारत होतं, एक पोलीस हातवारे करत होता. तो हलला नाही. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी होती, पण कसली ते तिला कळेना — माफ कर म्हणत होता, की टाक म्हणत होता...

"आई, नको."

रांजणाचं वजन आता कठड्यावर होतं की तिच्या हातांवर, सांगता आलं नसतं. गल्ली गप्प झाली होती. घंटांआधी क्षणभर होते तशी.

"अर्सेनिस," ती म्हणाली. ओरडली नाही, त्या शांततेत ओरडायची गरजच नव्हती. "मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

त्यानं तोंड उघडलं.

आणि घंटा सुरू झाल्या. सगळ्या देवळांच्या एकदम, आणि त्यांच्यामागोमाग पहिला रांजण, दुसरा, मग मोजता येईनात इतके. दगडांवर माती, पाणी, टाळ्या, किंकाळ्या. त्याचे ओठ हलत होते. ती वाकून त्या ओठांकडे बघत राहिली. एक शब्द, आणखी एक... लिनार्दोसचं नाव होतं का त्यात? की ते नुसते प्रार्थनेचे शब्द होते? डोक्यावरून सावली गेली. वरच्या मजल्यावरचा रांजण. तो तिच्या नजरेसमोरून खाली गेला, लाल फितीसकट, आणि अर्सेनिस होता तिथं धूळ आणि पाणी उसळलं.

तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिनं आधी ओळखलाच नाही. अर्धं अंग कठड्यावरून बाहेर, एका हातानं कठड्यावरचा रांजण छातीशी आवळलेला, एवान्थियानं मागून कमरेला घातलेली मिठी, आणि ती धुळीत शोधत होती त्याला, वेड्यासारखी शोधत होती, आयुष्यात कुणाला शोधलं नसेल तशी. तीन वर्षं जे डोकं फुटावं म्हणून ती जगली ते शाबूत असावं, एवढंच, एवढंच मागणं उरलं होतं... दया? दया नव्हती ही. दया तिला ओळखता आली असती. मेलेला माणूस साक्ष देत नाही. मेला की गाव याच्यासाठीही हळहळेल, बँड वाजवेल, आणि खरं एका पोरीच्या कानात राहून जाईल.

धूळ खाली बसली. तो उभा होता. नखशिखांत भिजलेला, पायांभोवती खापऱ्या, कपाळावरून पाण्याबरोबर एक तांबडी रेघ ओघळत असलेली. दोन पोलीस त्याच्याकडे धावले. तो अजून वरच बघत होता. तोंड उघडं, पण आता त्यातून काहीच निघत नव्हतं.

रांजण खाली ठेवावा हे दियामान्तिनाच्या मनातच आलं नाही. तो तसाच कठड्यावर टेकलेला, छातीशी, जड, गार, मूल धरावं तसा. घंटा थांबायला तयार नव्हत्या. घंटा थांबेपर्यंत, पोलिसांनी त्याला बाजूला नेईपर्यंत, जिना उतरून ती खाली पोहोचेपर्यंत — "मेल्या," ती त्या गोंगाटात पुटपुटली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण रडतो आहोत, "मेल्या, मरू नकोस एवढ्यात."